पगार म्हणजे नेमके काय? सैनिकी आणि नागरी मोबदल्याच्या तुलनेविषयी

सैन्यातून निवृत्त होऊन नागरी नोकरीच्या शोधास लागलेल्या मनुष्यास बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. सैन्यात पगार किती होता, हा पहिला. आणि आता किती अपेक्षित आहे, हा दुसरा. दोन आकडे मांडून एकातून दुसरा वजा केला की तुलना संपली, असा उभयपक्षी समज असतो. वस्तुतः ह्या दोन प्रश्नांतील ‘पगार’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी योजिलेला असतो. सैनिकी सेवेत पगार हा एकूण मोबदल्याचा केवळ एक अंश होय. अन्न, निवारा, वस्त्र, औषधपाणी हे सर्व त्याच्या बाहेर राहते. उलटपक्षी आजच्या खाजगी कंपनीच्या नेमणूकपत्रात जो वार्षिक आकडा छापलेला असतो, तो प्रत्यक्ष हाती पडणाऱ्या रकमेहून पुष्कळच मोठा असतो. एका ठिकाणी शब्द वस्तूहून लहान, दुसऱ्या ठिकाणी वस्तूहून मोठा. अशा दोन रकमांची वजाबाकी करणे म्हणजे शेरातून हात वजा करण्यासारखे होय.

हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा कर्मचारी-व्यवस्थापनाचा मानला जातो. तो तसा आहेच. परंतु हिशेबास बसण्यापूर्वी शब्दार्थाचा निर्णय करावा लागतो, आणि बहुतेक चुका ह्या पहिल्या पायरीवरच होतात. त्यांचे परिणाम लहान नाहीत. भारतीय सैन्यातील बहुसंख्य जवान वयाच्या पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान सेवामुक्त होतात. मुले शाळेत असतात, घराचे बांधकाम अर्धे झालेले असते, आणि नागरी नोकरीची पंधरावीस वर्षे पुढे असतात. साताऱ्याजवळील अपशिंग्यासारख्या, ज्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हे उपपदच लागलेले आहे अशा गावात हा निर्णय घरोघरी घ्यावा लागतो, आणि तो बहुधा शेजारच्याला काय मिळाले ह्या एका आकड्यावर घेतला जातो.

मोबदल्याचे मराठी शब्द पाहू लागले की सैन्याचा संबंध पदोपदी आढळतो. ‘नोकर’ हा शब्द मंगोल भाषेतून फारसीमार्गे आला. मूळ ‘नोकोर’ म्हणजे सरदाराचा लढाईतील सोबती. ‘तनखा’ ह्या फारसी शब्दाचे घटक ‘तन’ आणि ‘ख्वाह’ असे आहेत. देहास जे हवे ते, असा त्याचा मूलार्थ. ‘पगार’ मात्र पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे चुकते करणे ह्या क्रियापदावरून आला, आणि त्यात रोख रक्कम हातावर ठेवण्याची कल्पना प्रधान आहे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. तथापि सैनिकास जे मिळते त्याला तनखा हा जुना शब्द अधिक शोभतो आणि नागरी कर्मचाऱ्यास जे मिळते त्याला पगार हा नवा, एवढे निरीक्षण उपयोगाचे आहे. पहिल्यात देहाची तरतूद आहे. दुसऱ्यात रक्कम आहे आणि देहाची तरतूद ज्याची त्याने करावयाची आहे.

हा भेद मराठी लष्करी परिभाषेत पूर्वीपासून अत्यंत नेमकेपणाने नोंदलेला आहे. घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. ‘बारगीर’ ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ भार वाहणारा, म्हणजे खुद्द घोडाच. पुढे त्यावर बसणाऱ्यास तो लागला. शिलेदाराचा आकडा मोठा असे, कारण त्यात घोड्याचा दाणावैरण, त्याची झीज आणि तो मेल्यास दुसरा घेण्याची जोखीम ही सर्व मिसळलेली असत. इंग्रजी अमदानीतील शिलेदारी रिसाल्यांची रचना ह्याच तत्त्वावर होती, आणि १८१७ मध्ये उभारलेला पूना हॉर्स हा त्यांतलाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पायदळाच्या शिपायास महिना ७ रुपये मिळत, तेव्हा शिलेदारी स्वाराचा आकडा त्याच्या कित्येक पट असे. म्हणून स्वार शिपायाहून तितक्या पटीने श्रीमंत होता, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो हास्यास्पद ठरेल. भरतीच्या वेळी त्यास घोड्यासामानापोटी रक्कम भरावी लागे, आणि घोडा त्याच्या पदरी असे. पहिल्या महायुद्धात घोड्यांची हानी इतकी झाली की ती स्वारांनी सोसणे अशक्य झाले, आणि त्या युद्धानंतर ही पद्धती बंद करण्यात आली.

आजचा भारतीय सैनिक हा ह्या अर्थाने पूर्णतः बारगीर आहे. शिधा, गणवेश, बराक किंवा कुटुंबासाठी निवासस्थान, रुग्णालय, प्रवासाची अधिपत्रे, बदलीच्या वेळी सामानाची ने-आण, हे सर्व सरकारचे. नागरी नोकरीत शिरताच तो शिलेदार होतो. पुण्याच्या एखाद्या उपनगरात भाड्याचे घर, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, दुपारचे जेवण, मुलांच्या शाळेची वाढीव फी, हा त्याचा घोडा. आणि तो त्यालाच पोसावयाचा असतो. नागरी पगाराच्या आकड्यातून हा खर्च वजा केल्यावाचून त्याची सैनिकी पगाराशी तुलना सुरूच होऊ शकत नाही.

दुसरी अडचण ‘वेतन’ आणि ‘भत्ता’ ह्या दोन शब्दांतील सीमेची. भत्ता म्हणजे विशेष प्रसंगी, विशेष खर्चासाठी दिलेली वरकड रक्कम. परंतु वरकड रक्कम काही काळ मिळत राहिली की घेणारा तिला वेतनाचाच भाग समजू लागतो, आणि देणारा मात्र कागदावर तिला भत्ताच म्हणत राहतो. कंपनीच्या बंगाल सैन्यातील युरोपीय अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता क्लाइव्हने १७६६ मध्ये बंद केला, तेव्हा त्यांनी संगनमताने राजीनामे देण्याचा कट केला. सिंध प्रांत १८४३ मध्ये खालसा झाल्यावर तो आता परमुलूख राहिला नाही, सबब तेथील नेमणुकीस परमुलुखाचा भत्ता नाही, असा निर्णय झाला. आणि बंगालच्या काही पलटणींनी तिकडे कूच करण्याचे नाकारले. मुलूख तोच, उन्हाळा तोच, अंतर तेच. बदलले ते केवळ नाव. शिपायांस मात्र आपले वेतन कापले गेले असे वाटले, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते.

ह्या नावाच्या प्रश्नाचे आधुनिक उदाहरण म्हणजे सैनिकी सेवा वेतन. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार ते सुरू झाले, आणि सातव्या आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून अधिकाऱ्यांस महिना १५,५०० रुपये व जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांस ५,२०० रुपये असे ठरले. सैनिकी जीवनातील ज्या खडतर गोष्टींचे मोल अन्यथा करता येत नाही, त्यांच्यासाठी ही रक्कम आहे. तिचे स्वरूप पाहता तिला भत्ता म्हणणेच स्वाभाविक होते. परंतु तिला वेतन म्हटले गेले, आणि त्या एका शब्दाने तिच्यावर महागाई भत्ता लागू झाला व निवृत्तिवेतनाच्या हिशेबात ती धरली जाऊ लागली. खडतर सेवा संपल्यावरही तिचा अर्धा भाग निवृत्तिवेतनाच्या रूपाने जन्मभर चालतो. सीमेवरील किंवा अतिउंचावरील नेमणुकीचे भत्ते मात्र नेमणुकीबरोबर संपतात. शेवटच्या वर्षी असा भत्ता घेत असलेल्या जवानाने तो आपल्या पगारात धरून नागरी अपेक्षा ठरविली, तर ती फुगलेली असणार हे उघड आहे.

एक हिशेब मांडून पाहू. सोयीसाठी एखाद्या हवालदाराचे मूळ वेतन ४०,००० रुपये धरू, आणि महागाई भत्त्याचा दर ५० टक्के धरू. प्रत्यक्षात तो वर्षातून दोनदा सुधारला जातो. मूळ वेतन व सैनिकी सेवा वेतन मिळून ४५,२०० आणि त्यावर महागाई भत्ता २२,६००, एकूण ६७,८००. निवृत्तिवेतन शेवटच्या गणनीय वेतनाच्या निम्मे, म्हणजे २२,६००, त्यावर त्याच दराने महागाई मदत ११,३००, एकूण ३३,९००. जवानास ह्या निवृत्तिवेतनाचा हक्क १५ वर्षांच्या सेवेने आणि अधिकाऱ्यास २० वर्षांच्या सेवेने प्राप्त होतो. रोख रकमेत पडलेली तूटही ३३,९०० चीच आहे. पण शिधा आणि निवासस्थान गेल्यामुळे खरी तूट ह्याहून मोठी असते. किती मोठी, हे मनुष्य गावी स्वतःच्या घरात राहतो की शहरात भाड्याने, ह्यावर अवलंबून राहते.

येथे मूल्यमापनातील सर्वांत मोठा घोटाळा उद्भवतो. नागरी नोकरी देणारा म्हणतो, ‘तुम्हांला पेन्शन आहेच.’ आणि त्या वाक्याच्या आधाराने देऊ केलेली रक्कम खाली आणतो. निवृत्त मनुष्यासही पुष्कळदा हे पटते. ३३,९०० निवृत्तिवेतन आणि २२,००० नवा पगार मिळून ५५,९०० झाले, म्हणजे पूर्वीच्या जवळपास पोहोचलो, असे तो मानतो. ह्या बेरजेत गणिताची चूक नाही. चूक आहे ती ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडली ह्यात. घर चालेल काय, हा एक प्रश्न; त्याच्या उत्तरात निवृत्तिवेतन धरलेच पाहिजे. देऊ केलेले काम त्या मोलाचे आहे काय, हा दुसरा प्रश्न. त्याच्या उत्तरात निवृत्तिवेतनाचा काडीचाही संबंध नाही, कारण ते नोकरी पत्करली तरी मिळणार आणि नाकारली तरी मिळणार. सेवेत आणखी काही वर्षे राहावे की आताच सोडावे, हा तिसरा. तेथे निवृत्तिवेतन पुन्हा तराजूत येते, कारण शेवटचे वेतन वाढले की त्याच्या निम्मे जन्मभराकरिता वाढते. तिन्ही प्रश्नांस एकच बेरीज लावली की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नोकरी देणाऱ्याच्या बाजूने लागते.

मराठीने ह्या बाबतीत इंग्रजीहून अधिक स्पष्ट शब्द घडविला आहे. ‘निवृत्तिवेतन’ ह्या समासात ‘वेतन’ हे उत्तरपद आहे. पूर्वी केलेल्या कामाचे, पण पुढे दिले जाणारे वेतन. सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्याच्या निकालात निवृत्तिवेतन ही धन्याच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून गत सेवेबद्दलचा हक्क आहे, हे तत्त्व दृढ केले. तेव्हा एका धन्याने मागील कामाबद्दल दिलेले वेतन दुसऱ्या धन्याने आपल्या देण्यातून वजा करावे, ह्यास तर्काचा आधार नाही. खुद्द सरकारी पुनर्नियुक्तीच्या नियमांतही हे अंशतः मान्य झालेले आहे. पंचावन्न वर्षांच्या आत निवृत्त झालेल्या, अधिकारी दर्जाखालील माजी सैनिकाची सरकारी पदावर वेतननिश्चिती करताना त्याचे संपूर्ण निवृत्तिवेतन दुर्लक्षिले जाते. खाजगी धन्यास असा नियम लागू नाही, म्हणून तेथे ही गोष्ट उमेदवाराने स्वतः ध्यानात ठेवावी लागते. मात्र एक वजावट खरी आहे. निवृत्तिवेतन आणि नवा पगार ह्यांच्या बेरजेवर प्राप्तिकराचा हिशेब होतो. त्यामुळे नव्या पगारावरील कर निवृत्तिवेतन नसलेल्या सहकाऱ्याच्या त्याच पगारावरील कराहून अधिक असू शकतो.

निवृत्तिवेतनाचे मोल ठरविताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यावर महागाई मदत वाढत जाते, आणि समान पद, समान सेवा, समान निवृत्तिवेतन ह्या तत्त्वानुसार १ जुलै २०१४ पासून दर पाच वर्षांनी त्याची फेरआखणी ठरलेली आहे. बाजारात पुंजी देऊन विकत घेतलेल्या वर्षासनास असे गुण क्वचितच असतात. १ जानेवारी २००४ रोजी वा त्यानंतर केंद्र सरकारच्या नागरी सेवेत आलेल्यांस जी अंशदायी पद्धती लागू झाली, तिच्यातून सैन्यदले वगळलेली आहेत, हेही ह्या संदर्भात महत्त्वाचे.

निवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. ह्यास अंशराशीकरण म्हणतात. वरील उदाहरणात २२,६०० पैकी ११,३०० विकले, तर चाळिशीच्या सुमारास वर्षाच्या रकमेला लागणारा गुणांक ९ च्या थोडा वर असल्याने, सुमारे सव्वाबारा लाख रुपये हाती येतात. पुढे पंधरा वर्षे दरमहा ११,३०० कापले जातात, म्हणजे एकूण २०,३४,०००. त्यानंतर पूर्ण निवृत्तिवेतन पुनःस्थापित होते. महागाई मदत मूळ २२,६०० वरच मिळत असल्याने महिन्याची प्राप्ती ३३,९०० ऐवजी २२,६०० होते. हे कर्ज मानले तर त्याचा व्याजदर साडेसात टक्क्यांच्या आसपास पडतो. मनुष्य मधेच वारला तर कुटुंबनिवृत्तिवेतनातून ही कपात होत नाही, हा त्यातील विम्याचा अंश. घरासाठी अधिक दराने कर्ज काढण्यापेक्षा हे बरे. लग्नकार्यात किंवा मोटारगाडीत ते घालविण्यापेक्षा न घेतलेले बरे. पण तुलनेच्या दृष्टीने धोका असा की, हाती आलेल्या मोठ्या रकमेमुळे पहिली दोनतीन वर्षे नव्या नोकरीतील तोकडा पगार तोकडा वाटत नाही, आणि वाटू लागतो तेव्हा वेतनाची बोलणी करण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता नागरी बाजूचा शब्द पाहू. खाजगी कंपन्यांत ‘सीटीसी’ हा शब्द रूढ झाला आहे. कर्मचाऱ्यापायी कंपनीस पडणारा एकूण वार्षिक खर्च, असा त्याचा अर्थ. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा शब्द देणाऱ्याच्या विभक्तीत आहे, आणि घेणारा तो आपल्या विभक्तीत वाचतो. वार्षिक सहा लाखांचा आकडा, म्हणजे महिना ५०,००० असे समजू. त्यात मूळ वेतन २५,००० असल्यास कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा ३,०००. उपदानाची तरतूद सुमारे १,२००. गटविम्याचा हप्ता समजा ८००. आणि वर्षअखेर कामगिरी पाहून द्यावयाचा भाग समजा ५,०००. हे सर्व वजा जाता ४०,००० उरतात. त्यांतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा ३,००० आणि महाराष्ट्रातील व्यवसायकर २०० गेले की हाती ३६,८०० पडतात. निधीत जमा होणारी रक्कम कर्मचाऱ्याचीच असते, तेव्हा ती गमावली असे नाही. पण उपदानाचा अधिकार कायम कर्मचाऱ्यास साधारणतः पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतरच येतो, आणि कामगिरीचा भाग मिळेलच असे नाही. दोन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत उपदानाची रक्कम ही केवळ कागदावरची राहते.

कायद्यानेही ‘वेतन’ शब्दाची व्याप्ती निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार वेतनातून वगळलेले निरनिराळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास, वरचा भाग वेतनच समजला जातो. मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगविण्याच्या प्रथेस ह्यामुळे आळा बसावा. मुदतीच्या करारावर नेमलेल्यांस एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान, हीदेखील ह्याच संहितांतील तरतूद. आणि माजी सैनिकांच्या पुष्कळ नेमणुका कराराच्या असल्याने ती त्यांच्या विशेष उपयोगाची आहे.

वस्तुरूप लाभांचे मोल करताना बाजारभाव लावण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी फसवी आहे. लाभाचे मोल तो ज्याला मिळतो त्याच्या स्थितीवर अवलंबून असते. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली अंशदायी आरोग्य योजना निवृत्तिवेतनधारकास व त्याच्या आश्रितांस लागू असते. अशा मनुष्यास कंपनीचा गटविमा हा बव्हंशी दुसऱ्यांदा मिळालेला लाभ होय. नेमणूकपत्रातील त्याच्या रकमेस त्याने पूर्ण मोल देऊ नये. मात्र योजनेचा दवाखाना जिल्ह्याच्या ठिकाणी आणि घर पन्नास कोसांवर, अशी स्थिती असेल तर तोच गटविमा मोलाचा ठरतो. उपाहारगृह विभागाच्या दुकानांतील सवलत निवृत्तीनंतरही चालू राहते. परंतु तिचे मोलही दुकानाच्या अंतराने घटते.

रजेचे उदाहरण ह्याहून बोधक आहे. जवानास वर्षास ६० दिवस वार्षिक व ३० दिवस नैमित्तिक रजा मिळू शकते. नागरी नोकरीत इतकी रजा जवळजवळ अज्ञात. कागदावर हे नव्वद दिवस मोठ्या किमतीचे दिसतात. पण सैनिकाची रजा म्हणजे घरी असण्याचा काळ, आणि उरलेले वर्ष घराबाहेर. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या मनुष्याची रजा आणि सैनिकाची रजा ह्या एका शब्दाच्या दोन वस्तू आहेत. नागरी नोकरीत रजा कमी मिळते म्हणून तुलनेत रक्कम वजा करणाऱ्याने, रोजचे घर मिळाले म्हणून काही मिळवावयासही हवे. ते न करता केवळ वजाबाकी केली तर नागरी नोकरी आहे त्याहून गरीब दिसते. मात्र साताऱ्याचा मनुष्य पुण्यास खोली करून राहणार आणि आठवड्याने घरी जाणार असेल, तर हे मिळवणे पुन्हा पुसावे लागते. म्हणूनच गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतील २५,००० आणि शहरातील ३५,००० ह्यांतील अंतर वाटते तितके नसते. पुष्कळदा ते उलटही होते.

कामाच्या तासांविषयी थोडक्यात सांगता येईल. सैन्यात तासांचा हिशेब नसतो. चोवीस तासांची बांधिलकी गृहीतच असते. ह्या सवयीमुळे निवृत्त मनुष्य नागरी नोकरीतही महिन्याचाच आकडा पाहतो. पहाऱ्याच्या कामात बारा तासांची पाळी सर्रास आढळते. महिन्याचे २६ दिवस बारा तासांच्या पाळीचे २४,००० म्हणजे तासास सुमारे ७७ रुपये. आठ तासांच्या पाळीचे २०,००० म्हणजे तासास सुमारे ९६. पहिला आकडा मोठा, पण दर लहान. नेमल्या तासांवरील कामास दुप्पट दर हा कायद्याचा नियम असताना असे व्हावे, हे सैनिकाच्या सोशिकतेचा भाव पाडून घेतल्याचे लक्षण होय.

पदनामाचा प्रश्न पैशाच्या हिशेबात बसत नाही, तरी तो मोबदल्याचाच भाग आहे. सैन्यातील काही शब्द माणसांच्या आधीच नागरी जीवनात उतरले, आणि उतरताना खाली आले. ‘शिपाई’ म्हणजे फारसीत योद्धा. मराठी कचेरीत तो कागद पोहोचविणारा झाला. ‘जमादार’ ह्या पदाचे सैन्यात १९६५ मध्ये ‘नायब सुभेदार’ असे नामांतर झाले. नागरी बोलीत तो शब्द झाडूवाल्यापर्यंत आला. पंधरा-वीस माणसांची जबाबदारी, शस्त्रागाराची नोंद, वाहनांची निगा, शिधावाटपाचा हिशेब हे सर्व केलेला हवालदार नागरी अर्जात केवळ ‘हवालदार’ लिहितो, आणि वाचणाऱ्यास इमारतीच्या दारावरचा हवालदार दिसतो. येथे भाषांतर हरले, आणि त्याची किंमत पगारात मोजली गेली. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये ह्या कामी साहाय्य करतात. तथापि केलेल्या कामाचे वर्णन पदनामाऐवजी क्रियापदांनी करावे, ही साधी गोष्ट फार थोड्या अर्जांत दिसते. भांडार सांभाळले, चाळीस वाहनांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक आखले, नवशिक्यांस शिकविले, असे लिहिले की त्याच मनुष्यास पर्यवेक्षकाचा दर मागता येतो. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँका ह्यांत माजी सैनिकांसाठी ‘क’ वर्गात साडेचौदा टक्के जागा राखीव आहेत. तेथे वेतनश्रेणी ठरलेली असल्याने घासाघीस नाही, आणि पदनामाने होणारे नुकसानही कमी.

आतापर्यंतचे विवेचन निवृत्तिवेतनधारकाचे झाले. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने ह्या हिशेबाचे स्वरूप पालटले आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यानंतर एक चतुर्थांशापर्यंत तरुण नियमित सेवेत घेतले जातात, उरलेल्यांस निवृत्तिवेतन नाही व उपदानही नाही. मासिक रक्कम चार वर्षांत अनुक्रमे ३०,०००, ३३,०००, ३६,५०० व ४०,००० अशी आहे. तिच्यातून ३० टक्के सेवानिधीत कापले जातात, आणि तेवढीच भर सरकार घालते. म्हणजे चार वर्षांत अग्निवीराचे ५ लाख २ हजार आणि सरकारचे तितकेच, मिळून १० लाख ४ हजार. व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार, करमुक्त. गावोगावी ह्या रकमेचा उल्लेख सरकारने शेवटी दिलेली देणगी म्हणून होतो. तिचा निम्मा भाग त्या तरुणाने स्वतःच्या वेतनातून साठविलेला असतो, आणि दुसरा निम्मा त्याच सेवेचे विलंबाने दिलेले वेतन असतो.

शेवटच्या वर्षी त्याच्या हाती महिना २८,००० पडतात. त्याचे वेतन मात्र ४०,००० असते, आणि सरकारची भर धरता त्याच्या महिन्याच्या कामाचे मोल ५२,००० होते. शिधा, निवास व औषधोपचार त्याखेरीज. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास रुजू झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पुरी होतात. ह्या तरुणांपैकी अनेकांस नागरी नोकरीच्या अर्जात ‘मागील वेतन’ असा रकाना भरावा लागेल. त्यात २८,००० लिहिले तर तेवढेच देऊ करणारा धनी आपण पूर्वीइतकेच देत आहो असे म्हणेल, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ निम्मे देत असेल. रकाना भरताना हाती पडणारी रक्कम, वेतन आणि निधीची भर असे तीन आकडे तीन ओळींत लिहिणे हे त्यास पूर्णतः मोकळे आहे, आणि तसे लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.